विश्लेषण : महिला हॉकीची नवी फळी तयार व्हायला किती वर्षे लागतात? फलटणच्या मुली, दहावा क्रमांक आणि बदलणारे प्रशिक्षक

भारतीय महिला हॉकी संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेदरलँड्सचे शोर्ड मरिन पुन्हा परतले आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये संघाला चौथ्या क्रमांकापर्यंत नेणारे हेच मरिन. त्यांच्या हाती आता येणारा संघ मात्र तो नाही. राणी रामपाल निवृत्त झाली, वंदना कटारिया निवृत्त झाली, प्रो लीगमधील स्थान गेले आणि डिसेंबरमध्ये चिलीत झालेल्या ज्युनिअर विश्वचषकात भारताच्या मुली दहाव्या आल्या. मार्चमध्ये हैदराबादला विश्वचषकाची पात्रता स्पर्धा आहे. अशा वेळी नव्या मुलींना खेळवत राहायचे की जुन्या-जाणत्यांवर भिस्त ठेवायची, हा प्रश्न पुन्हा समोर आला आहे. सातारा जिल्ह्यातील मुली या नव्या फळीत असल्याने महाराष्ट्रासाठी तो दूरचा राहिलेला नाही.

संघ नेमका कुठे उभा आहे?

६ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ब्रिटनविरुद्धचा कांस्यपदकाचा सामना भारताने ३-४ असा गमावला. त्याच्या चार दिवस आधी उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला १-० असे हरवले होते. तो या संघाचा ऑलिंपिकमधील कळसच म्हणायला हवा. त्यानंतर मरिन यांनी पद सोडले आणि त्यांच्या सहकारी यानेक शॉपमन यांच्याकडे सूत्रे आली. बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य, व्हॅलेन्सियातील नेशन्स कपचे विजेतेपद, हांगझो आशियाई स्पर्धेत कांस्य, रांचीत आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी. कागदावर आलेख चांगला दिसत होता.

मग जानेवारी २०२४ आला. रांचीतच झालेल्या ऑलिंपिक पात्रता स्पर्धेत जपानकडून ०-१ अशी हार झाली आणि पॅरिसचे तिकीट हुकले. महिनाभरात शॉपमन यांनी राजीनामा दिला. एप्रिलमध्ये हरेंद्र सिंग आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीरला चीनला १-० ने हरवून आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी राखली, तेव्हा गाडी रुळावर आल्यासारखी वाटली. पण २०२५ च्या जूनमध्ये प्रो लीगच्या युरोपातील टप्प्यात एकही विजय मिळाला नाही, संघ तळाला गेला आणि लीगबाहेर पडला. सप्टेंबरमध्ये आशिया कपच्या अंतिम सामन्यात चीनने ४-१ ने हरवले. तो सामना जिंकला असता तर विश्वचषकाचे स्थान तिथेच मिळाले असते. १ डिसेंबरला हरेंद्र यांनी वैयक्तिक कारण देत पद सोडले.

म्हणजे टोकियोनंतरच्या साडेचार वर्षांत मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची तीनदा रिकामी झाली. खुर्चीवर बसणाऱ्यांच्या वकुबाबद्दल शंका घ्यायचे कारण नाही. अडचण वेगळी आहे आणि ती विशी ओलांडत असलेल्या खेळाडूंना सर्वाधिक जाणवते. तिच्याकडे पुढे येऊ.

दहावा क्रमांक म्हणजे पिढी वाया गेली का?

सँटियागोत ज्युनिअर संघ दहावा आल्यावर समाजमाध्यमांवर तसा सूर लागला. थोडे मागे गेले तर चित्र बदलते. डिसेंबर २०१३ मध्ये दिल्लीत पुरुषांचा ज्युनिअर विश्वचषक झाला. घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांपुढे भारत दहावा आला. त्या संघाचा कर्णधार होता मनप्रीत सिंग. आठ वर्षांनी टोकियोत ४१ वर्षांनंतरचे ऑलिंपिक पदक स्वीकारणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधारही मनप्रीतच होता.

महिलांच्या बाबतीत याच वर्षाचे उलट उदाहरण आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीतील मोन्चेनग्लाडबाख येथे भारताच्या मुलींनी इंग्लंडला शूटआउटमध्ये हरवून ज्युनिअर विश्वचषकाचे कांस्य जिंकले. राणी रामपाल, वंदना कटारिया, सुशीला चानू, दीप ग्रेस एक्का, नवनीत कौर अशी नावे त्या संघात होती. आता हा संघ लगेच वरिष्ठ पातळीवर धमाल उडवेल असे वाटले असेल तर २०१६ चा निकाल पाहावा. ३६ वर्षांनी ऑलिंपिकला पात्र ठरलेला महिला संघ रिओत १२ संघांत १२ वा आला. एकही सामना जिंकला नाही. टोकियोतील चौथा क्रमांक त्यानंतर पाच वर्षांनी आला आणि वर दिलेली पाचही नावे त्या संघात होती.

पदक मिळालेल्या ज्युनिअर संघाला आठ वर्षे लागली. दहाव्या आलेल्या संघाच्या कर्णधारालाही आठ वर्षे लागली. ज्युनिअर विश्वचषकातील क्रमांकावरून पुढच्या पिढीचे भविष्य सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. क्रमांकापेक्षा त्या मुलांना पुढची पाच-सात वर्षे काय मिळते, याने जास्त फरक पडतो.

इतका वेळ जातो कशात?

हॉकीत चार सत्रे असतात, प्रत्येकी १५ मिनिटांची. मैदानात ११ जण, पण खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात. त्यामुळे आघाडीची खेळाडू काही मिनिटे जीव तोडून धावते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. बाहेरून पाहताना ही धावपळ वाटते. आतमध्ये प्रत्येक बदलाबरोबर प्रतिस्पर्ध्याला कोणत्या बाजूला ढकलायचे, कोणाची पासची वाट बंद करायची, याचे ठरलेले गणित असते. एक मुलगी दोन पावले उशिरा सरकली की सगळी साखळी तुटते. ज्युनिअर स्पर्धेत अशी चूक बहुतेक वेळा खपते. नेदरलँड्स किंवा अर्जेंटिनासमोर तीच चूक गोल होऊन फलकावर लागते.

पेनल्टी कॉर्नरचे तर वेगळेच शास्त्र. चेंडू खेचून मारण्याची ड्रॅग-फ्लिक हे कंबर, खांदा आणि पावलांच्या तालाचे काम आहे. ते शिकायला वर्षे लागतात आणि ते करताना पाठ व मांडीचे स्नायू दुखावतात. २०२५ च्या आशिया कपला भारताची प्रमुख ड्रॅग-फ्लिकर दीपिका दुखापतीमुळे जाऊ शकली नाही. राजगीरच्या स्पर्धेत ११ गोल करणारी हीच खेळाडू. अनुभवी गोलरक्षक सविताही जायबंदी होती. तिच्या अनुपस्थितीत गोलपोस्टची जबाबदारी बिचू देवी आणि बन्सरी सोळंकी यांच्यावर आली. राखीव फळीत कोण किती तयार आहे, हे अशा वेळी कळते. आणि ती तयारी अशाच सामन्यांतून होत असते. हा पेच कोणत्याही प्रशिक्षकाला चुकत नाही.

गोलरक्षकांचा हिशेब तर आणखी लांबचा. सविताने पहिला आंतरराष्ट्रीय सामना २०११ मध्ये खेळला आणि तिचे नाव घरोघरी पोहोचले ते २०२१ मध्ये. पुरुष संघाचा पी. आर. श्रीजेश २००६ मध्ये आला, त्याला ऑलिंपिक पदकासाठी १५ वर्षे थांबावे लागले. बांधकामावर काम केलेल्या कोणालाही हे समजेल. स्लॅब वरून सुकलेला दिसतो, तरी पाणी मारण्याचे दिवस भरल्याशिवाय सेंट्रिंग काढत नाहीत. फरक इतकाच की काँक्रीटला किती दिवस लागतात हे ठाऊक असते, खेळाडूचे तसे नसते.

२०१६ च्या १८ मुलांचे पुढे काय झाले?

भारतीय हॉकीत संयमाने घडवलेल्या फळीचे सर्वात स्वच्छ उदाहरण लखनौचे आहे. १८ डिसेंबर २०१६ रोजी बेल्जियमला २-१ ने हरवून भारताने पुरुषांचा ज्युनिअर विश्वचषक जिंकला. प्रशिक्षक होते हरेंद्र सिंग, म्हणजे महिला संघाचे पद नुकतेच सोडलेले तेच. अंतिम सामन्यातील दोन गोल गुरजंत सिंग आणि सिमरनजीत सिंग यांनी केले होते.

त्या संघातील १८ पैकी सात जण टोकियोच्या कांस्यविजेत्या संघात होते : हरमनप्रीत सिंग, वरुण कुमार, सुमित, नीलकांत शर्मा, मनदीप सिंग, गुरजंत आणि सिमरनजीत. जगज्जेत्या ज्युनिअर संघातूनही निम्म्याहून कमी मुले पहिल्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचतात, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. विश्वचषक उंचावणारा कर्णधार हरजीत सिंग ऑलिंपिकपर्यंत पोहोचलाच नाही. त्याच्या आयुष्यावर पंजाबी चित्रपट निघाला, पण वरिष्ठ संघात त्याची जागा पक्की झाली नाही.

सिमरनजीतची गोष्ट जास्त बोलकी आहे. टोकियोसाठी जाहीर झालेल्या मुख्य १६ जणांत तो नव्हता, राखीव होता. करोनामुळे त्या वेळी नियम शिथिल झाले आणि राखीव खेळाडूंनाही सामन्यात उतरवण्याची मुभा मिळाली. जर्मनीविरुद्धचा कांस्यपदकाचा सामना भारताने ५-४ असा जिंकला. त्यात सिमरनजीतचे दोन गोल होते. लखनौच्या अंतिम सामन्यात गोल करणारा मुलगा पाच वर्षांनी, राखीव यादीतून येऊन, ऑलिंपिक पदकाच्या सामन्यात दोन गोल करतो. ही पाच वर्षे त्याला शिबिरात कोणीतरी ठेवले होते, हा या गोष्टीतला महत्त्वाचा भाग.

बचावपटू अमित रोहिदासची वाट याहून वळणाची. २०१३ मध्ये पदार्पण, मग संघाबाहेर, २०१७ मध्ये पुनरागमन, त्यानंतर टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक पदके. मधली वर्षे तो देशांतर्गत हॉकी खेळत राहिला. वगळलेल्या खेळाडूला परत येण्यासाठी रस्ता शिल्लक असणे, हादेखील संयमाचाच प्रकार आहे. आपल्याकडे त्याची चर्चा कमी होते.

त्या पिढीला आणखी एक गोष्ट मिळाली होती. २०१३ ते २०१७ या काळात पुरुषांची हॉकी इंडिया लीग सुरू होती. १८-१९ वर्षांची मुले ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, जर्मनीच्या खेळाडूंबरोबर एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसली. महिलांसाठी अशी लीग पहिल्यांदा झाली जानेवारी २०२५ मध्ये. बारा वर्षांचा फरक. मुलींचा विकास मंद आहे असे म्हणताना हा फरक कोणी वजा करत नाही.

प्रो लीगमधून बाहेर पडल्याने नवोदितांचेच नुकसान का?

घसरण झाली की चर्चा प्रतिष्ठेची होते. खरा तोटा सामन्यांचा आहे. प्रो लीगच्या एका हंगामात प्रत्येक संघाला जगातील अव्वल संघांविरुद्ध १६ सामने मिळतात. विश्वचषक किंवा आशियाई स्पर्धेत प्रशिक्षक प्रयोग करायला धजावत नाही; एक सामना गेला की स्पर्धा जाते. प्रो लीगमध्ये मात्र आज बेल्जियमकडून हरलो तरी उद्या त्याच बेल्जियमशी पुन्हा गाठ असते. १९-२० वर्षांच्या खेळाडूला पहिल्या सामन्यात कुठे चुकले हे २४ तासांत सुधारून पाहता येते. नव्या मुलींसाठी हाच सर्वात मोठा वर्ग होता आणि तोच सध्या बंद आहे.

परतीचा रस्ता नेशन्स कपमधून जातो. तिथे विजेत्याला प्रो लीगचे दार उघडते. पण नेशन्स कप म्हणजे मोजके सामने, आणि तेही जिंकलेच पाहिजेत अशा दडपणाखाली. म्हणजे नवोदितांना खेळवण्याची जागा आणखी आक्रसली. जूनमधील पराभवांना अननुभवी खेळाडू जबाबदार होते असे मानले, तर त्याची शिक्षाही त्याच खेळाडूंना मिळाली. दोन कसोट्यांच्या मध्ये सरावाची पायरीच राहिलेली नाही.

यावर चीनचे उदाहरण दिले जाते. टोकियोत बाद फेरीही न गाठलेला चीनचा संघ तीन वर्षांत पॅरिसच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि नेदरलँड्सला त्याने शूटआउटपर्यंत रोखून धरले. तर मग भारताला एवढा वेळ कशाला हवा? प्रश्न रास्त आहे. उत्तराचा एक भाग असा की ती उडी अ‍ॅलिसन अ‍ॅनन यांच्यासारख्या, नेदरलँड्सला ऑलिंपिक सुवर्ण जिंकून दिलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली झाली. वेगळ्या टोकाला बेल्जियमचे पुरुष आहेत : २००८ च्या बीजिंगमध्ये नववे, लंडनमध्ये पाचवे, रिओत रौप्य, २०१८ मध्ये विश्वविजेते, टोकियोत सुवर्ण. तेरा वर्षांचा जिना, एक पायरी न गाळता चढलेला. भारताची सध्याची व्यवस्था यातल्या कोणत्याच नमुन्यात पुरती बसत नाही. ओडिशा सरकारचे प्रायोजकत्व आहे, बंगळूरुचे शिबिर आहे, खेळाडूंची संख्या आहे. आखलेली वाट मात्र दर दोन वर्षांनी पुसली जाते.

फलटणच्या मुली या चित्रात कुठे आहेत?

१० सप्टेंबर २०२५, हांगझो. आशिया कपच्या सुपर फोर फेरीत भारताने दक्षिण कोरियाला ४-२ ने हरवले. दुसऱ्याच मिनिटाला पहिला गोल वैष्णवी विठ्ठल फाळके हिचा, तर ५९ व्या मिनिटाला चौथा गोल ऋतुजा दादासो पिसाळ हिचा. दोघीही सातारा जिल्ह्यातील. टोकियोच्या ना पुरुष संघात महाराष्ट्राचे कोणी होते, ना महिला संघात. खडकीच्या धनराज पिल्लेचा महाराष्ट्र ऑलिंपिकच्या यादीतून गायब झाला होता. त्या पार्श्वभूमीवर एकाच सामन्यात दोन मराठी नावे गोलफलकावर झळकणे ही लहान गोष्ट नव्हे.

वैष्णवी फलटण तालुक्यातील आसू गावची. ज्युनिअर संघातून वर आलेली, २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेतील कांस्यविजेत्या संघात असलेली, आता मधल्या फळीत स्थिरावू पाहणारी. ऋतुजा आघाडीवर खेळते. तिची दखल देशाने घेतली ती महिला हॉकी इंडिया लीगच्या पहिल्याच मोसमात. २६ जानेवारी २०२५ रोजी रांचीत ओडिशा वॉरियर्सने सूरमा क्लबला २-१ ने हरवून पहिले विजेतेपद मिळवले आणि दोन्ही गोल ऋतुजाचे होते. आठ महिन्यांनी ती आशिया कपमध्ये होती. एखादी स्पर्धा वेळेवर मिळाली तर वाट किती जवळची होते, याचा हा पुरावा. ती लीग दोन वर्षे आधी असती तर, हा प्रश्न साहजिकच उरतो.

तिसरे नाव अक्षता आबासो ढेकळे हिचे, तीही फलटण परिसरातलीच. २०२२ च्या ज्युनिअर विश्वचषकात चौथ्या आलेल्या संघात ती होती. वरिष्ठ संघाचे दारही तिच्यासाठी त्याच वर्षी उघडले. पण हांगझोच्या आशिया कप संघात ती नव्हती. तिघींची सुरुवात जवळपास एकाच भागातून, तरीही तिघींचा वेग वेगळा. बचावपटूला वेळ जास्त लागतो, हे एक कारण. एका प्रशिक्षकाच्या आराखड्यात बसणारी खेळाडू पुढच्याच्या आराखड्यात बसेलच असे नसते, हे दुसरे. अक्षतासारख्या खेळाडूंसाठी परतीचा रस्ता उघडा राहतो की नाही, यावर नव्या व्यवस्थापनाची परीक्षा व्हायला हवी. अमित रोहिदास चार वर्षांनी परतला होता.

कोकणातल्या घरासाठी याचा अर्थ काय?

फलटण हे काही महानगर नाही. त्यामुळे तिथे जे घडले ते इतरत्र का घडू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. शालेय क्रीडा स्पर्धांच्या रचनेत रत्नागिरी जिल्हा कोल्हापूर विभागात येतो आणि सातारा जिल्हाही त्याच विभागात. दापोली तालुक्यातील मुरुडच्या शाळेची मुलगी तालुका आणि जिल्हा पार करून विभागीय स्पर्धेत गेली, तर तिच्यासमोर साताऱ्याच्या मुली उभ्या राहतात. कागदावर दोघींचे अंतर एका स्पर्धेचे आहे.

मैदानावरचे अंतर त्याहून मोठे. मुरुडच्या किनाऱ्यावर ओहोटीला घट्ट वाळूचा लांबच लांब पट्टा मोकळा होतो आणि तिथे टेनिस बॉलचे क्रिकेट रंगते. जिल्ह्याची ओळख कबड्डी आणि खो-खोची. हॉकीला आज पाणी मारलेले कृत्रिम मैदान लागते, साधारण ९१ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद. मुरुडहून बालेवाडीचे किंवा पिंपरीचे मैदान गाठायचे तर घाट चढून दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. मातीवर शिकलेली मुलगी पहिल्यांदा त्या हिरव्या मैदानावर उतरते तेव्हा चेंडूचा वेग बघूनच बावरते. म्हणजे ती खेळात मागे असते असे नाही, मैदानाची सवय नसते. पण निवड चाचणीतल्या वीस मिनिटांत हा फरक कोण ओळखणार?

राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीची वाट यासाठीच आहे. तिथे मुले-मुली लहान वयात, शाळेत असतानाच चाचणी देऊन दाखल होतात. राहणे, शिक्षण, सराव एकत्र. आता घरातल्यांनी करायचा हिशेब असा : बाराव्या वर्षी प्रबोधिनी, १८ ते २० दरम्यान ज्युनिअर भारतीय संघ, नशिबाने साथ दिली तर विशी-एकविशीत वरिष्ठ पदार्पण, आणि जागा पक्की व्हायला आणखी तीन-चार वर्षे. एकूण बारा वर्षे. या काळात दहावी, बारावी, पदवी आणि घरातले लग्नाचे विषय असे सगळे येऊन जाते. प्रशिक्षक मंडळींना ‘प्रक्रियेवर विश्वास ठेवा’ हे वाक्य फार आवडते. आईवडिलांना नोकरी कधी लागेल हे कळायला हवे असते. महिला हॉकीपटूंसाठी रेल्वे हा वर्षानुवर्षे मोठा आधार राहिला आहे, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी विशिष्ट दर्जाच्या स्पर्धेत विशिष्ट कामगिरी हवी. राष्ट्रीय शिबिरात तीन वर्षे राहून अंतिम संघात न आलेल्या मुलीची गणना कशात करायची, हा प्रश्न बहुतेक घरांना सर्वात आधी पडतो. संयमाचा खर्च संघ उचलत नाही, कुटुंब उचलते.

मुरुडचा आणि साताऱ्याचा एक जुना संबंधही इथे आठवतो. महर्षी धोंडो केशव कर्वे याच मुरुडचे. १८७५ च्या सुमारास परीक्षा देण्यासाठी ते भर पावसात मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले होते. पोहोचल्यावर, वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. पुढे ती परीक्षा ते उत्तीर्ण झाले. निवड समित्यांनी चेहरा बघून अंदाज बांधण्याची परंपरा आपल्याकडे बरीच जुनी म्हणायची.

प्रशिक्षक बदलला की नवोदितांना फटका का बसतो?

मरिन आणि हरेंद्र यांची नावे पाहिली की एक मजेशीर योगायोग दिसतो. मे २०१८ मध्ये हॉकी इंडियाने याच दोघांची अदलाबदल केली होती : मरिन पुरुष संघाकडून महिलांकडे आणि हरेंद्र महिलांकडून पुरुषांकडे. म्हणजे सात-आठ वर्षांत महिला संघ या दोघांच्या हातातून आलटून पालटून जात राहिला. दोघांचीही कामगिरी नोंद घेण्याजोगी आहे. २०१७ चा महिला आशिया कप हरेंद्र यांच्या काळात जिंकला, टोकियोतील चौथा क्रमांक मरिन यांच्या काळात आला. मरिन यांना त्या वेळी २०१८ ते २०२१ अशी सलग तीन वर्षे मिळाली होती, हे विसरता कामा नये.

स्थिरावलेल्या खेळाडूला प्रशिक्षक बदलल्याचा त्रास होतो, पण तिची जागा सहसा जात नाही. सलिमा टेटे किंवा नवनीतला नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. राखीव यादीतल्या विशीतल्या मुलीचे तसे नसते. आधीच्या प्रशिक्षकाने दीड वर्ष तिला बचावाच्या डाव्या बाजूला तयार केलेले असते. नवीन माणूस येतो, त्याला तिथे वेगवान खेळाडू हवी असते किंवा ती मधल्या फळीत हवी असते. तिची दीड वर्षे शून्यावर येतात. तिच्या वयाला मात्र कोणी शून्यावर आणत नाही. ज्युनिअर गटाची मर्यादा २१ वर्षांची आहे, ती ओलांडली की खाली परतायलाही जागा नसते. ज्युनिअर आणि वरिष्ठ यांच्यामधली ही पोकळी हाच भारतीय महिला हॉकीचा सर्वात दुबळा सांधा आहे. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे भारताच्या मुलींनी ज्युनिअर आशिया कप जिंकला. म्हणजे खालून गुणवत्ता येत नाही असे नाही. वर जाण्याचा जिना अर्धवट आहे.

पुरुषांकडेही प्रशिक्षक भराभर बदलले होते, तरी पदक आलेच, असा प्रतिवाद होऊ शकतो. तो खराही आहे. टोकियोआधीच्या दशकात नॉब्स, वॉल्श, व्हॅन अ‍ॅस, ओल्टमन्स, मरिन, हरेंद्र, रीड अशी रांगच लागली होती. पण २०१६ च्या मुलांना तयार करण्याचे काम वरच्या या संगीत खुर्चीपासून वेगळे, हरेंद्र यांच्याकडे काही वर्षे सलग होते. लीग होती. प्रशिक्षक बदलला तरी मुलांचा खेळ थांबला नाही. महिला संघाकडे हा आधार आत्ता कुठे तयार होतो आहे : लीगचा दुसरा मोसम नुकताच रांचीत झाला, त्यात चार संघ खेळले.

आता पुढे काय?

मरिन यांच्याबरोबर टोकियोच्या वेळचे शास्त्रीय सल्लागार वेन लोम्बार्डही परतले आहेत. त्या संघाच्या तंदुरुस्तीत झालेला बदल हे लोम्बार्ड यांचे काम मानले जाते. जानेवारीच्या उत्तरार्धात बंगळूरुच्या साई केंद्रात शिबिर सुरू होते आणि हैदराबादची पात्रता स्पर्धा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. हाती दोन महिनेही नाहीत. इतक्या कमी वेळात कोणताही प्रशिक्षक जाणत्या खेळाडूंकडेच झुकेल आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. विश्वचषक ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये आहे, लगेच सप्टेंबरमध्ये जपानमध्ये आशियाई स्पर्धा. तिथले सुवर्ण म्हणजे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे थेट तिकीट. वर्षभरात श्वास घ्यायला जागा नाही.

म्हणूनच हैदराबादच्या संघनिवडीत दोन गोष्टींकडे लक्ष ठेवता येईल. पहिली, संघातील २२ वर्षांखालील मुली प्रत्यक्षात किती मिनिटे मैदानात असतात. नुसते यादीत नाव असणे पुरेसे नाही. दुसरी, मुख्य संघ हैदराबादला असताना बंगळूरुच्या शिबिरात मागे राहिलेल्यांसाठी सामने ठरतात का. भारत ‘अ’ संघाचे दौरे हा त्यावरचा स्वस्त आणि आजमावलेला उपाय आहे. २०२५ मध्ये असा दौरा झालाही. २०२६ च्या भरगच्च वेळापत्रकात त्याला जागा मिळते का, हे नेशन्स कपच्या आधी कळेल.